पत्र्याचं घर आणि म्हशींची खोली

आमच्या घरावर पत्रे चढले त्या दिवशी दादांनी गल्लीत पेढे वाटले होते. दादा म्हणजे माझे वडील. गावच्या सोसायटीचे चेअरमन, अंगानं काटकुळे, आवाजानं दांडगे. सोसायटीमार्फत पत्रे मिळतात हे गावाला त्यांनीच सांगितलं, आणि गावाला सांगायचं तर आधी आपल्या डोक्यावर घालून दाखवायला हवं, म्हणून पहिला मान आमच्या घराला. जुनं माळवद उतरवलं. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यांवर आडव्या बारक्या काटक्या, तरवडाच्या फांद्या आणि वर हातभर मातीचा थर. सारं गाव त्याखालीच जन्मलेलं. पावसाळ्यात ते गळायचं, त्यावर गवत उगवायचं, दर चैत्रात नवी माती टाकावी लागायची. त्या कटकटीतून सुटलो म्हणून माय पण खूश होती, खोटं कशाला बोलू? तुळया विकल्या, भिंती उंच केल्या, वर पत्रे ठोकले. मागच्या अंगाला एक बुटकी खोली तेवढी माळवदाची राहिली, कारण ती म्हशींची होती, आणि म्हशींसाठी कोण पत्रे घालतंय!

हिवाळाभर आमची मजा झाली. पहाटे पत्रा थंडीनं आकसून कटकट वाजायचा, वर कावळा चालला तरी खाली कळायचं. लिंबाच्या झाडाची वाळकी काडी पडली तरी मी दचकायचे आणि माय हसायची. त्यातच घरात लाईट आली. एक दिवा आणि एक टेबलफॅन. फॅनला मायनं जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती, फुलाफुलांची, आणि पाहुणा आल्याशिवाय ती खोळ निघायची नाही. चौसाळ्याच्या बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून फॅन बघायला यायचे. दादा खोळ काढून एकदा फिरवून दाखवायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे.

मग उन्हाळा आला, तो असा की विचारू नका. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. विहिरी कोरड्या, टँकर येईल तेव्हा पाणी, रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी आणि तोंडी लावायला वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. ती भाजी मला अजून आवडते, पण तेव्हा रोज रोज खाऊन जीव विटला होता. आणि वर हा पत्रा! दुपारी बाराला तो तापला की घरात उभं राहवत नव्हतं. फळीवरचं पितळेचं ताट उचललं तर बोटं भाजायची. रांजणातलं पाणी सुद्धा कोमट. लहान पोरं लिंबाखाली, म्हातारी माणसं देवळात आणि आम्ही बायका चुलीच्या धगीत नि पत्र्याच्या धगीत. फॅनची खोळ कायमची निघाली, पण फॅन तरी काय करणार बिचारा? घरात जी आग होती तीच तो फिरवून तोंडावर मारायचा. महिनाभर तसा तो फिरवला आणि लाईटचं बिल आलं, तेव्हा दादा ओट्यावर बसून ते दोनदा वाचून म्हणाले, "ह्याच्यापरीस म्हशीला पेंड घातली असती." त्या दिवसापासून फॅन बंद. मीटर पळतंय, एवढंच ते म्हणायचे.

अशा घरात अक्का बाळंतपणाला आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, तलवाड्याला दिलेली. आदल्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले होते, पण पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. तिथं पाणी लांबून आणावं लागायचं, डोक्यावर दोन दोन घागरी, आणि रणरणतं ऊन. एक दिवस ती वाटेतच भोवळ येऊन पडली. त्यानंतर अक्का वर्षभर नीट बोलली नव्हती. आता पुन्हा पोटुशी राहून ती आठव्या महिन्यात माहेरी आली होती. पाय सुजलेले, ओठ फुटलेले. आल्यापासून पाचव्या दिवशी भर दुपारी भाकरी थापता थापता ती तव्यासमोर तशीच मागं कलंडली. मी नि मायनं तिला लिंबाखाली नेऊन निजवलं. शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी पोटावर हात ठेवला आणि मग माझा हात धरला.

ही बातमी कोणीतरी तलवाड्याला पोचवली. लगेच तिच्या सासूबाईंचा निरोप आला. पत्र्याच्या भट्टीत माझी सून बाळंत होणार नाही, आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला मी स्वतः येते, बघते आणि नाही पटलं तर तिला घेऊन जाते. निरोप ऐकून अक्का रात्रभर मुसमुसली आणि सकाळी मला म्हणाली, "इंदे, मला तिथं नको धाडू गं. तिथं गेलं की मला तीच वाट दिसती." मी तेव्हा सोळा वर्षांची. माझं कोण ऐकणार होतं? पण मी तिला म्हणाले, "न्हाई जाऊ देत तुला. बघतेच मी कोण नेतं ते!" माझा स्वभाव असा आहे. आधी बोलून मोकळी होते आणि मग कसं करायचं ते बघत बसते. आखितीला सोळा-सतरा दिवस उरले होते.

पहिला उपाय केला तो निव्वळ गाढवपणाचा. पोती भिजवून पत्र्यावर टाकली. त्यासाठी टँकरच्या पाण्यातली एक अख्खी घागर मी मायला न विचारता वापरली. पोती टाकली तेव्हा चर्र आवाज आला, दोन घटका बरं वाटलं आणि मग पाणी उडून गेलं. घरात उलट जास्तच उकडायला लागलं. माय माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. दुसरा उपाय पाचटाचा. ऊसतोडीहून आलेल्या शेजारणीच्या गाडीत थोडं पाचट उरलं होतं, ते पत्र्यावर पसरलं. दुसऱ्याच दिवशी वावटळ आली आणि आमचं पाचट अख्ख्या गल्लीत वाटून गेली. नशीब म्हणायचं, चुलीची ठिणगी त्यावर पडली नाही. दादा घरी आल्यावर म्हणाले, "चेअरमनच्या घराची तू झोपडी करती का काय?"

दादा तेव्हा दिवसा घरी नसायचेच. सोसायटीनं तळ्याच्या बाजूला जनावरांची छावणी उघडली होती, तिचं सगळं त्यांच्याकडंच. गावची जनावरं तिथं, आमच्या दोन्ही म्हशी पण तिथंच. म्हणजे मागची खोली रिकामी पडलेली. एक दिवस दुपारी मी दावं शोधायला त्या खोलीत गेले. दार लोटून आत पाय टाकला आणि तिथंच थबकले. अंगावरचा घाम गार लागला! मी उगीच उभी राहिले, मग खाली बसले, मग भिंतीला पाठ लावली. आत शेणाचा नि गोचिडांचा वास, कोपऱ्यात जाळी-जळमटं, एका बाजूला छताची माती वाहून गेली होती तिथून माती भुरभुरत होती. पण गार. मी पळत जाऊन अक्काला हाताला धरून आणलं. ती आत येऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बया, इंदे, हितं तर पौषमास हाय!" किती महिन्यांनी ती हसली होती. मला रडू आलं आणि रागही आला. माणसांना भट्टीत घालून म्हशींना गारव्यात ठेवणारे आम्ही शहाणे!

मायला दाखवलं. माय तशी कमी बोलणारी बाई. तिनं छताकडं पाहिलं, वाहून गेलेल्या मातीची जागा पाहिली आणि एवढंच म्हणाली, "माती आणावी लागंल." गावाच्या कडेला जुन्या गढीचा ढिगारा होता. माळवदावर टाकायची पांढरी माती तिथूनच आणायची, दुसरी चालत नाही. ती चिकट असते, पाणी धरून ठेवत नाही आणि ऊन आत येऊ देत नाही. पूर्वी चैत्रात गढीवर टोपल्यांची रांग लागायची. पत्रे आल्यापासून तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. आम्ही मायलेकी उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायचो आणि ऊन चढायच्या आत चार-पाच खेपा करायचो. मान अवघडून जायची, केसांत, डोळ्यांत, दातांत माती. अक्का सावलीत बसून माती चाळायची, खडे वेगळे काढायची. मग माय लुगड्याचा काष्टा घट्ट करून शिडीनं वर चढायची, मी खालून टोपलं द्यायचे आणि ती ते पसरून पायानं नि धुण्याच्या दांडक्यानं ठोकायची. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, म्हशी येणार हायत व्हय छावणीतून?" माय म्हणायची, "येणारच की."

आतलं काम त्याहून वाईट. खालची जमीन खरवडली, भेगांत घुसलेली गोचीड काढली, दोन दिवस लिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर कोंडला. सारवायला पाणी कुठून आणायचं? मग भांडी विसळलेलं, हातपाय धुतलेलं पाणी आम्ही एका मडक्यात धरून ठेवायला लागलो. आंघोळीला एक तांब्या मिळायचा, तो पण अक्काला आधी. तिचं न्हायलेलं पाणी दगडावरून खाली पातेल्यात पडायचं आणि तेच सारवणात जायचं. शेण आणायला मी छावणीत गेले तर दादांनी विचारलं, "कशाला पायजे?" मी म्हणाले, "चुलीपुढं सारवायला." हे खोटं नव्हतं, अर्धंच सांगितलं होतं. भिंतीला बाहेरून चुना दिला, सोसायटीच्या गोदामाला लावून उरलेला. छताच्या मधोमध धूर जायला एक भोक असतं, त्याला सवणं म्हणतात. ते दिवसा मडक्याच्या झाकणानं बंद करायचं आणि दिवस मावळला की उघडायचं, दारही तसंच. मायनं मला हे असं सांगितलं की जणू तिच्या हातांनाच ते ठाऊक होतं.

आता माझा बीडला स्लॅबचा बंगला आहे. पोरांनी बांधलेला, चांगला आहे, पण उन्हाळ्यात तोही तापतोच. दर फाल्गुनात मी गच्चीवर चुना लावून घेते आणि सकाळी नऊ वाजता सगळ्या खिडक्या बंद करून पडदे ओढते. नातसून पहिल्या वर्षी वैतागली होती, "आजी, घराचा कोंडवाडा करता का?" मी म्हणाले, बाई, तुझा एसी लाव की, मी कुठं नाही म्हणते? पण खोली आधी गार ठेव, म्हणजे त्या बिचाऱ्याला कमी चालावं लागंल. आता तीच मला नऊ वाजता हाक मारते. बिल बघून तिला अक्कल आली, मला मात्र गढीची माती वाहून आली.

आखितीला तीन दिवस राहिले तेव्हा दादांना कळलं. मागच्या दारानं आले, खोलीत सारवलेली जमीन, बाज, कोपऱ्यात पाण्याचं मडकं बघितलं आणि समजायचं ते समजले. ते भडकले, "म्हशीच्या खोलीत माझी लेक बाळंत हुईल? साऱ्या गावाला पत्रे घाला म्हून मी सांगत फिरतोय, अन् चेअरमनच्या घरी जागा न्हाई? काय इज्जत ऱ्हाईल माझी?" मी उत्तर देणार तोच माय शिडीवरून उतरली. तिचे हात, तोंड, पापण्या सगळं पांढरं. ती म्हणाली, "इज्जत तिच्या जागी ऱ्हाऊ द्या. गावातले लोक काय कळा द्यायला येणार हायत? पत्रे तुमी आणले, मी काय बोलली न्हाई. आता तुमी बोलू नका." लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि एवढी वाक्यं मायनं सलग पहिल्यांदाच बोलली असतील. दादा छावणीकडं निघून गेले.

आखितीच्या दिवशी अक्काच्या सासूबाई भर दुपारी आल्या. उंच, काळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही पोरी त्यांना मावशी म्हणायचो, आणि घाबरायचो. विहीणबाई म्हटल्यावर मान मोठा. दादा त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले होते. त्यांनी मावशींना सरळ पुढच्या पत्र्याच्या खोलीत नेलं, नवी सतरंजी अंथरली, फॅनची खोळ काढली आणि तो जोरात सोडला. नशीब बघा, लाईट पण होती. मायनं ताट केलं, कुरडई, गुळवणी, कुठून तरी दोन आंबे मिळवून केलेला रस. मावशींनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. घाम त्यांच्या मानेवरून ओघळत होता. त्या म्हणाल्या, "सुमनला कुठं ठिवनार?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. दादा मध्येच बोलले, "हितंच की. फॅन हाय."

मी थक्क झाले. माणूस भीतीनं खोटं बोलतो तसं दादा लाजेनं बोलले होते. विहिणीला म्हशींची खोली दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मावशींनी फॅनकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं आणि हात धुवायला उठल्या. "सुमन, बोचकं बांध. चारची गाडी हाय." अक्का भिंतीला धरून उभी होती. ती तशीच वळून कपडे गोळा करायला लागली. मला ते बघवलं नाही. विहिणीच्या अंगाला हात लावायचा नसतो, तिला हुकूम करायचा नसतो, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मावशींचं मनगट धरलं. "मावशी, हितं न्हाई. मागं चला. म्हशीच्या खोलीत."

"इंदे!" दादा ओरडले.

"चला म्हणते ना!" मी त्यांना ओढतच नेलं. इतक्या बुटक्या दारातून त्यांना वाकावं लागलं. आत गेल्या आणि उभ्या राहिल्या. मी मागं दार लावून घेतलं. हळूच भिंतीला हात लावला, जमिनीला लावला, वर छताकडं बघितलं. "कुनी केलं हे?" मी म्हणाले, "आमी. मायनं, मी, अक्कानं बी माती चाळलीय." त्या बाजेवर टेकल्या. पदरानं मान पुसली. मग पाय वर घेतले आणि मी काय बोलू, काय सांगू म्हणून शब्द जुळवतेय तोवर त्या झोपल्या होत्या. व्याह्याच्या घरी दुपारी आडवी पडलेली विहीण आमच्या गावानं पाहिली नव्हती. त्या नुसत्या पडल्या नव्हत्या, घोरत होत्या.

चारची गाडी गेली. अक्का बोचकं मांडीवर घेऊन लिंबाखाली बसली होती, माय चुलीपाशी नुसतीच भांडी हलवत होती, दादा ओट्यावरून खाली, खालून ओट्यावर. उन्हं कलल्यावर मावशी बाहेर आल्या. डोळे सुजलेले, बाजेची दोरी गालावर उमटलेली. त्या कोणाकडंच न बघता बोलल्या, "आमचं बी माळवद संक्रातीला उतरलं. पोरानं पत्रे घातले. शिमगा झाल्यापासनं दुपारी डोळ्याला डोळा लागला न्हाई."

अक्कानं मान वर केली. लग्न झाल्यापासून तिनं सासूला उलट विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. "मग मला कावून न्यायला आलता, आत्याबाई?"

"हितं बी पत्रा, तिथं बी पत्रा," मावशी म्हणाल्या. "म्हनलं, काय व्हायचं ते माझ्या डोळ्यापुढं व्हावं. मागल्या साली घागर घेऊन तुला मीच धाडलतं, सुमन." ती एवढी मोठी बाई, उंबऱ्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडली. अक्का पोट सावरत उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मला त्या बाईचा इतका राग होता, तो कुठं गेला मला कळलं नाही. थोड्या वेळानं डोळे पुसून त्या मायला म्हणाल्या, "मी न्हाई नेत तिला. पर बाळंतपण हुईस्तवर मी बी हितंच ऱ्हाती. खाली निजीन. जागा हाय ना?"

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात अक्काच्या पोटात दुखायला लागलं. दुपारची वेळ, बाहेर झळा अशा की कोंबड्या सुद्धा चोची उघडून मडक्याआड बसलेल्या. सुईण आत, मावशी आत, माय आत. मला सवण्याचं झाकण नि दार सांभाळायला ठेवलं होतं, उगीच उघडझाप होऊ द्यायची नाही. दादांना छावणीवर निरोप गेला आणि ते तळ्यावरून उन्हातानात पळत आले. डोक्यावर टोपी नव्हती, पायात एकच चप्पल होती. खोलीच्या बाहेर, चुन्याच्या भिंतीपाशी, भर उन्हात ते उभे राहिले. मी म्हणाले, लिंबाखाली बसा. ते हलले नाहीत. आतून अक्काचा आवाज यायचा आणि ते भिंतीला तळहात लावायचे.

मग मूल रडलं. सुईण दार किलकिलं करून हसत बाहेर डोकावली, बातमी सांगायला, तर दादांनी तिला बोलूच दिलं नाही. "आत गार हाय का?" त्यांनी विचारलं. सुईण गोंधळली. "आवो चेअरमन, पोरगा का पोरगी ते तरी इचारा!"

"ते सांगशील गं मागनं," दादा म्हणाले. "आदी सांग, माझ्या लेकीला आत गार हाय का?"